बारावीनंतर कोणत्या शहराकडे

1938 च्या नोव्हेंबरात हैदराबाद संस्थानातल्या शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून कमी झाली. गुन्हा एवढाच, की वसतिगृहातल्या प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हणायचे त्यांनी थांबवले नाही. ठिणगी औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजात पडली आणि वणवा उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांपर्यंत गेला. संस्थानात दुसरे विद्यापीठ नव्हते. उस्मानियातून नाव कटले की शिक्षण संपले, असाच त्याचा अर्थ होता. त्या वेळी नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या मुलांना प्रवेश दिला आणि हैदराबादला निघालेली एक पिढी नागपूरला पोचली.

तेव्हा याच संस्थानात असलेल्या नांदेडच्या किंवा लातूरच्या घरात आज 'कॉम्प्युटरला पुण्यात मिळेल का' हा प्रश्न निघतो तेव्हा तो जुन्याच प्रश्नाचा नवा अवतार असतो. इथल्या मुलांनी शिकायला कुठे जायचे हे गेली शंभर वर्षे केवळ त्यांच्या आवडीने किंवा गुणांनी ठरलेले नाही. ते राज्याच्या सीमेने ठरवले, शिकवण्याच्या भाषेने ठरवले, रेल्वेच्या रुळांनी ठरवले आणि पुढे प्रवेशाच्या नियमांनी.

उस्मानिया विद्यापीठ 1918 साली सुरू झाले. माध्यम उर्दू. देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता आणि पुस्तके भाषांतरित करण्यासाठी निजाम सरकारने स्वतंत्र विभागच उभारला होता. 1929 मध्ये तिथे अभियांत्रिकीचे महाविद्यालयही निघाले. पण ती देशी भाषा कंधारच्या किंवा औशाच्या मुलाची नव्हती. घरी मराठी, शाळेत उर्दू आणि वर इंग्रजी अशी तिहेरी चढण चढूनच पदवीपर्यंत जावे लागे. ज्यांना इंग्रजी माध्यम हवे त्यांच्यासाठी हैदराबादचे निजाम कॉलेज होते. ते संलग्न होते थेट मद्रास विद्यापीठाला. शंकरराव चव्हाणांची बी.ए. मद्रास विद्यापीठाची आणि कायद्याची पदवी उस्मानियाची, यात म्हणूनच नवल नाही.

रूळही त्याच दिशेला जात. मनमाडहून औरंगाबाद, नांदेडमार्गे सिकंदराबादला जाणारी मीटरगेज 1900 च्या सुमारास सुरू झाली आणि नांदेडकरांना हैदराबाद घरचे झाले. लातूरचे उलट. बार्शी लाइट रेल्वेचा नॅरोगेज फाटा 1911 साली लातूरला पोचला. तो कुर्डुवाडीकडे, म्हणजे सोलापूर-पुण्याच्या मुख्य मार्गाकडे उघडणारा. राज्य निजामाचे असले तरी लातूरची बाजारपेठ पश्चिमेला जोडली गेली ती तेव्हापासून. आज लातूरच्या घरात पुण्याचे नाव इतक्या सहज निघते त्यामागे या छोट्या गाडीचाही वाटा आहे.

17 सप्टेंबर 1948 ला संस्थान भारतात आले. दोनच वर्षांत, 1950 साली, नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले. मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढाकाराने निघालेले हे महाविद्यालय पुढे प्राचार्य नरहर कुरुंदकरांमुळे महाराष्ट्रभर ओळखले गेले. त्याच वर्षी औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मिलिंद महाविद्यालयाचा पाया घातला. ज्या गावांतून कुणी मॅट्रिकच्या पुढे गेले नव्हते तिथल्या दलित मुलांना पहिल्यांदा वसतिगृहासकट कॉलेज मिळाले. मराठवाड्यात शिकण्यासाठी घर सोडायचे, पण मराठवाडा सोडायचा नाही, ही शक्यता या दोन संस्थांनी निर्माण केली.

दिशा कशी वळली हे पाहायला लातूर जिल्ह्यातली दोन माणसे पुरेशी आहेत. चाकूरचे शिवराज पाटील 1935 सालचे. त्यांनी विज्ञानाची पदवी हैदराबादला, उस्मानियात घेतली आणि कायद्यासाठी ते मुंबईला गेले. बाभळगावचे विलासराव देशमुख 1945 सालचे. ते शिकले पुण्यात, गरवारे महाविद्यालयात आणि मग आयएलएस लॉ कॉलेजात. दोघांच्या वयात दहा वर्षांचे अंतर, गावांमध्ये तासाभराचे. मधल्या काळात घडले ते 1 नोव्हेंबर 1956 : हैदराबाद राज्य मोडले आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला.

त्या दिवशी सीमेवरच्या तालुक्यांचे काय झाले हे फारसे सांगितले जात नाही. उदगीर, अहमदपूर, निलंगा तोवर बिदर जिल्ह्यात होते, ते उस्मानाबादेत आले. नांदेड जिल्ह्यातला मुधोळ तालुका आंध्रात गेला. बासरचे सरस्वती मंदिर त्याच बाजूला राहिले. नांदेडचे लोक आजही मुलांना अक्षरओळख करून द्यायला बासरला नेतात. याच बासरला 2008 साली आंध्र सरकारने ग्रामीण मुलांसाठी राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठाचे केंद्र काढले. दहावीनंतर सहा वर्षांचा निवासी अभ्यासक्रम, त्यात संगणक अभियांत्रिकीही. जुन्या नांदेड जिल्ह्याच्या भूमीवर उभे असलेले हे विद्यापीठ धर्माबादहून काही किलोमीटरवर आहे, पण तो भाग आता तेलंगणात आहे आणि तिथल्या बहुतेक जागा तेलंगणच्याच मुलांच्या. सीमारेषा शिक्षणात काय करते याचे याहून उघड उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

महाराष्ट्रात येताना मराठवाड्याने शब्द घेतला होता. 1953 च्या नागपूर करारात व्यावसायिक आणि शास्त्रीय शिक्षणाच्या संस्थांतले प्रवेश लोकसंख्येच्या प्रमाणात द्यायचे असे ठरले. घटनेच्या 371 (2) कलमात तंत्रशिक्षणाच्या पुरेशा सोयींचा उल्लेख आहे. शब्द उतरायला वेळ लागला. 1958 साली मराठवाडा विद्यापीठ औरंगाबादला झाले, 1960 साली तिथेच शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय. नांदेड-लातूरला अभियंता व्हायचे तर औरंगाबाद गाठायचे, नाहीतर पूर्वीसारखे परराज्य. गुलबर्ग्याचे पीडीए कॉलेज 1958 चे, बिदरचे गुरुनानक देव अभियांत्रिकी महाविद्यालय 1980 चे. उदगीरहून औरंगाबादपेक्षा बिदर कितीतरी जवळ.

नांदेडला स्वतःचे अभियांत्रिकी महाविद्यालय मिळायला 1981 उजाडले. गुरू गोविंदसिंहजींचे नाव दिलेली ही संस्था गोदावरीकाठी विष्णुपुरीला उभी आहे. इथे तिला 'एसजीजीएस' एवढेच म्हणतात. 2004 साली तिला स्वायत्तता मिळाली. ती निघाल्यानंतर दोनच वर्षांनी, 1983 मध्ये, वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याच साली लातूरला एम. एस. बिडवे अभियांत्रिकी महाविद्यालय आले. महात्मा गांधी मिशनचे नांदेडचे कॉलेज 1984 चे. दांडेकर समितीने राज्यातल्या विभागीय अनुशेषाचा हिशेब मांडला तोही 1984 साली, आणि त्यात तंत्रशिक्षण हे वेगळे क्षेत्र धरले होते. एकीकडे सरकार अनुशेष मोजत होते आणि दुसरीकडे तो भरून काढायचे काम खासगी संस्थांकडे देत होते.

विनाअनुदानित धोरणावर टीका खूप झाली, आणि ती रास्त होती. देणगीचे आकडे इतके वाढले की 1987 मध्ये कॅपिटेशन फीविरोधी कायदा करावा लागला. तरी दुसरी बाजूही खरी आहे. कर्नाटकात देणगी भरून जाणारा मुलगा आता घरून डबा घेऊन कॉलेजला जाऊ लागला, आणि ज्या घरांत मुलीला गावाबाहेर ठेवायची तयारी नव्हती त्या घरांतल्या मुली पहिल्यांदा अभियंता झाल्या.

इथेच या इतिहासाला अनपेक्षित वळण मिळाले. 1980 च्या दशकाच्या अखेरीस लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयात आणि मग गावातल्या इतर महाविद्यालयांत जादा तास, प्रश्नसंच आणि सराव परीक्षांमागून सराव परीक्षा अशी एक शिस्त रुजली. तिलाच 'लातूर पॅटर्न' हे नाव पडले. त्या काळी अभियांत्रिकी आणि वैद्यकीयचे प्रवेश बारावीच्या गुणांवर होत, आणि गुण मिळवण्याचे शास्त्र लातूरने घोटून पक्के केले. पुढे नांदेडनेही तोच रस्ता धरला. लातूरच्या उद्योग भवन परिसरात आणि नांदेडच्या भाग्यनगर-श्यामनगरात आज राज्याच्या कानाकोपऱ्यातली मुले खोल्या करून राहतात. खानावळी, अभ्यासिका, झेरॉक्सची दुकाने, मुलींची वसतिगृहे हा सगळा संसार वैद्यकीयच्या नीटवर आणि अभियांत्रिकीच्या सीईटी-जेईईवर चालतो.

म्हणजे ज्या गावांतून मुले शिकायला बाहेर जात, तिथेच बाहेरची मुले येऊ लागली. येतात दहावीनंतर आणि जातात बारावीनंतर. लातूर-नांदेडने प्रवेशाच्या दारापर्यंत मूल नेण्यात राज्यात नाव कमावले, पण दाराच्या आत जे असते, म्हणजे चांगला विभाग, टिकून राहणारे प्राध्यापक, रात्री उघडी राहणारी प्रयोगशाळा, त्यासाठी या गावांनी तेवढा हट्ट कधी धरला नाही. शिकवणीसाठी पदरमोड करणारे पालक जवळच्या महाविद्यालयात संगणकाचे किती प्राध्यापक कायम आहेत हे विचारत नाहीत. ही खंत इथल्या शिक्षकांच्या बोलण्यात नेहमी येते, आणि ती खरी आहे.

विद्यापीठाचा प्रश्न मात्र लोकांनी जिवापाड लढवला. 1978 साली विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि नांदेड-परभणीच्या खेड्यांत दलितांची घरे जळाली, माणसे मारली गेली. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 यावे लागले. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. पहिले कुलगुरू जनार्दन वाघमारे. लातूरच्या शाहू महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनीच भूषवले होते. बारावीची तयारी आणि पदवीचे शिक्षण अशी दोन्ही टोके एका माणसाच्या हातून गेली, आणि तरीही ती पुढे जुळली नाहीत याचे वाईट वाटते.

नव्या विद्यापीठाचा एक परिणाम प्रवेशाच्या यादीत दिसतो. अभियांत्रिकीच्या प्रवेशात 70 टक्के जागा त्या विद्यापीठक्षेत्रातल्या मुलांना आणि 30 टक्के बाहेरच्यांना, असा राज्याचा नियम आहे. 1994 नंतर नांदेड, लातूर, परभणी आणि पुढे हिंगोली हे एक क्षेत्र झाले. लातूरचा मुलगा औरंगाबादसाठीही 'बाहेरचा' ठरला, पुण्यासाठी तर होताच. वैद्यकीयमधले असेच 70-30 चे सूत्र 2020 साली रद्द झाले. मराठवाड्याने त्यासाठी जोर लावला होता. अभियांत्रिकीत मात्र ते राहिले, आणि त्याचा इथल्या मुलांना फायदाही आहे, घरच्या क्षेत्रात. कटऑफच्या यादीत प्रवर्गाच्या संकेताला शेवटी एच, ओ किंवा एस अक्षर असते : घरचे, बाहेरचे, राज्यस्तर. पुण्याच्या कॉलेजचा एचचा आकडा पाहून मुलाला दोष देणारे पालक दरवर्षी भेटतात. त्यांनी पाहायचा असतो ओचा आकडा.

संगणकाचे वेड पुण्याकडे ओढणारे का ठरले, त्याचीही कारणे आहेत. पुणे विद्यापीठात संगणकशास्त्राचा विभाग 1980 ला आला, पीआयसीटी हे संगणकाच्याच नावाने निघालेले कॉलेज 1983 चे, सीडॅक 1988 ची आणि तिचा परम 8000 हा महासंगणक 1991 चा. मग हिंजवडीचे आयटी पार्क आले. नोकरी जिथे, कॉलेज तिथे, हे गणित पालकांच्या मनात पक्के बसले ते या वीस वर्षांत. लातूर-कुर्डुवाडी रुंद मार्ग 2008 पर्यंत पूर्ण झाला आणि पुणे रात्रभराच्या गाडीवर आले. पण नोकरीच्या मुलाखती आता घरबसल्या होतात. दुसरीकडे 2024-25 पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने चांगल्या संस्थांवरची प्रवेशसंख्येची मर्यादा उठवली. त्यामुळे मोठ्या शहरांतल्या खासगी कॉलेजांत संगणक, कृत्रिम बुद्धिमत्ता, डेटा सायन्स अशा नावांच्या तुकड्या वाढल्या. जागा वाढली म्हणजे शिकवणारे वाढले असे होत नाही.

नियमही हलत राहिले. बारावीच्या गुणांवरचा प्रवेश 2004 ला सीईटीवर गेला, 2014 आणि 2015 ला जेईईवर, 2016 ला पुन्हा सीईटीवर आणि 2019 पासून परीक्षा संगणकावर. बीसीएलाही 2024 पासून सीईटी लागली. त्याच वर्षीपासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. मुलीला पुण्याला पाठवणे परवडत नाही म्हणणाऱ्या घराचा निम्मा हिशेब त्याने बदलला. खोली आणि खानावळीचा उरलेला निम्मा तसाच आहे.

आता पसंतीक्रमाचा अर्ज भरताना पहिल्या क्रमांकावर लिहिलेले कॉलेज मिळाले की जागा आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांचा रस्ता बंद होतो. त्यामुळे विष्णुपुरीची शासकीय अनुदानावर उभी राहिलेली स्वायत्त संस्था वर लिहायची, की पुण्यातले गेल्या पाच वर्षांत निघालेले खासगी कॉलेज, हा निर्णय शेजाऱ्याचा मुलगा कुठे गेला यावर सोडून चालत नाही. विभागात कायम प्राध्यापक किती, राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाची मान्यता त्या शाखेला आहे का, तिसऱ्या वर्षाची मुले प्रकल्प कोणते करतात, हे विचारता येते. लातूरहून विष्णुपुरी दीडशे किलोमीटरच्या आत आहे. सकाळच्या बसने जाऊन, विभागात फिरून, तिथल्या दोन-चार विद्यार्थ्यांशी बोलून मुलगा किंवा मुलगी रात्री घरी परत येऊ शकते, आणि पसंतीक्रम त्यानंतर भरता येतो.