कंबरेच्या सांध्यांतील स्टेरॉइड इंजेक्शन
कंबरेच्या मणक्यांना मागच्या बाजूने जोडणारे लहान जोडसांधे (फॅसेट) किंवा पाठीचा कणा जिथे ओटीपोटाच्या हाडांना मिळतो तो सांधा यांतून उठणाऱ्या दुखण्यावर थेट त्या सांध्यात औषध सोडण्याचा उपचार. मणक्यांमधली गादी सरकून नस दबली की पायात कळ उतरते. तिच्यासाठी दिले जाणारे एपिड्युरल इंजेक्शन वेगळे.

कंबरदुखीचे मूळ या सांध्यांत असू शकते, हे बॉस्टनचे अस्थितज्ज्ञ जोएल गोल्डथ्वेट यांनी १९११ मध्ये मांडले. १९३३ मध्ये घोर्मली यांनी त्याला ‘फॅसेट सिंड्रोम’ असे नाव दिले. पण पुढच्याच वर्षी मिक्स्टर आणि बार यांचा सरकलेल्या गादीवरचा लेख आला आणि सांधे बराच काळ मागे पडले. मूनी आणि रॉबर्टसन यांनी १९७६ मध्ये या सांध्यांत इंजेक्शने देऊन हा विषय पुन्हा पुढे आणला.

रुग्णाला पालथे झोपवून, सी-आर्म या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर पाहत बारीक सुई सांध्यात नेतात. सांध्यात जेमतेम एक-दीड मिलिलिटर औषध मावते. त्यात बधिर करणारे औषध आणि मिथाइलप्रेडनिसोलोन किंवा ट्रायॅम्सिनोलोनसारखे स्टेरॉइड असते. बधिरतेचा आराम काही मिनिटांत येतो आणि काही तासांत ओसरतो. स्टेरॉइडला गुण दाखवायला दोन-चार दिवस लागतात. मधल्या काळात ठणका परतला म्हणून इंजेक्शन वाया गेले, असे समजू नये.

दुखणे याच सांध्याचे, हे ठरवणे सर्वांत अवघड. मागे वाकल्यावर कळ येणे ही खूण पुरेशी नाही आणि एमआरआयमध्ये झिजलेले सांधे काहीही दुखत नसलेल्या माणसांतही दिसतात. म्हणून आधी सांधा बधिर करून दुखणे थांबते का, ते पाहतात.

अशी पारख करून निवडलेल्या ९७ रुग्णांवर कॅनडातील कॅरेट आणि सहकाऱ्यांनी केलेली चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना स्टेरॉइड, निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी. महिन्याभराने पहिल्या गटात ४२ टक्क्यांना, दुसऱ्यात ३३ टक्क्यांना बराच आराम होता. हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१६ मध्ये साध्या कंबरदुखीसाठी मणक्यातील इंजेक्शने देऊ नयेत, असे स्पष्ट सांगितले. आपल्याकडे हे इंजेक्शन सुचवले गेले, तर रुग्णाला ही आकडेवारी आधी कळायलाच हवी.

अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस या मणक्याच्या संधिवाताची गोष्ट निराळी. तिथे ओटीपोटाजवळच्या सांध्याला खरोखर सूज असते आणि सूज उतरवणे हेच स्टेरॉइडचे काम. त्यामुळे निवडक रुग्णांत, गोळ्यांनी भागत नसेल तर, याचा उपयोग होतो.

जंतुसंसर्ग क्वचितच होतो. मात्र २०१२ मध्ये अमेरिकेत बुरशीने दूषित झालेल्या मिथाइलप्रेडनिसोलोनच्या कुप्यांमुळे सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि साठाहून अधिक दगावले. मधुमेहींची साखर इंजेक्शननंतर काही दिवस चढलेली राहते, म्हणून त्या दिवसांत ती वरचेवर तपासावी लागते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ते डॉक्टरांना आधीच सांगावे.