मोडीची रीत आणि प्लास्टिकचा दाणा

प्लास्टिकचा पुनर्वापर ही पर्यावरणाच्या चळवळीची देणगी आहे, असे आपण सहज धरून चालतो. ५ जूनच्या पर्यावरण दिनाच्या फलकांवर, शाळकरी निबंधांत, घंटागाडीवर वाजणाऱ्या गाण्यांत सूर तोच असतो: लोक बेफिकीरपणे फेकत होते, आता त्यांना शहाणे करायचे आहे. घडले ते नेमके उलट. पुनर्वापर केलेल्या प्लास्टिकसाठी केंद्र सरकारने खास नियम केले ते १९९९ साली. तोवर धारावीतला हा धंदा चांगला मुरलेला होता. तो उभा राहिला टंचाईवर आणि भावावर. जे किलोवर विकले जाते ते परत येते, जे विकले जात नाही ते नाल्यात जाते. एवढ्या एका सूत्राने या धंद्याचा बहुतेक इतिहास उलगडतो, असे माझे म्हणणे आहे.

सुरुवात कच्च्या मालापासून करू. भारतात पॉलिस्टायरीनचे उत्पादन १९५७ मध्ये सुरू झाले. १९५९ मध्ये बंगालमधल्या रिश्रा येथे पॉलिथिन होऊ लागले, १९६१ मध्ये पीव्हीसी आले आणि १९६८ च्या सुमारास ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोसिल कंपनीचा, नाफ्था फोडून प्लास्टिकचा कच्चा माल काढणारा क्रॅकर चालू झाला. तरीही मागणीच्या मानाने माल कायम अपुरा होता. आयातीला परवाना लागे आणि वर जकात. मुंबईतल्या एखाद्या गाळ्यात हातयंत्रावर बटणे, कंगवे, डबीची झाकणे काढणाऱ्या कारखानदाराला कच्च्या प्लास्टिकचा दाणा हाच सगळ्यात मोठा खर्च. या यंत्रात दाणा तापलेल्या नळीत वितळतो, दांडा ओढला की दाबाने साच्यात शिरतो आणि थंड होऊन वस्तू बाहेर येते. तिच्याबरोबर साच्याच्या वाटेत गोठलेला देठही येतो. तो देठ कोणी फेकत नसे. दळून पुन्हा नव्या दाण्यात मिसळला जाई. बेकलाइटच्या बाबतीत हे शक्यच नव्हते, कारण ते एकदा साच्यात पक्के झाले की पुन्हा वितळत नाही. नव्या प्लास्टिकचा मात्र तो अंगचा गुण होता. गाळ्यातला देठ वाया जाऊ द्यायचा नाही, हे ठरल्यावर शेजाऱ्याची फुटकी बादली विकत घेण्यापर्यंतची वाट फार लांब नव्हती.

पण कारखानदाराने मागितली म्हणून बादली घराबाहेर पडत नाही; घरातल्यांनाही ती द्यायची सवय लागते. ती सवय आपल्याकडे तयारच होती. तांब्या-पितळेची जुनी भांडी मोडीत घालायची, तांबटाकडून किंवा भांड्यांच्या दुकानातून वजनावर हिशेब करून वरचे पैसे भरायचे आणि नवे भांडे घ्यायचे, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. जुनेराच्या बदल्यात बोहारीण भांडे द्यायची. पुढे तिच्या टोपलीत स्टीलच्या जोडीला प्लास्टिकचे टबही आले. प्लास्टिकनेही घरात शिरताना जुन्यांचाच वेष घेतला. पाणी भरायच्या प्लास्टिकच्या कळशीला तोच गोल पोटाचा, बारीक गळ्याचा घाट मिळाला, कारण ती कमरेवरच बसायची होती. फरक पडला तो वजनात. पितळी हंड्याने नळावरून घरी येईपर्यंत कंबर मोडायची. तिथे हे हलके भांडे बाईच्या किती सोयीचे ठरले असेल, हे प्लास्टिकला सरसकट दोष देणारे सहसा विचारात घेत नाहीत. यावर कोणी म्हणेल, ही रीत कसली, निव्वळ गरिबी. मला ते पटत नाही. भांडी मोडीत घालणारी घरे खाऊनपिऊन सुखी होती, वाडेवालीसुद्धा होती. ज्या वस्तूला वजनाचा भाव आहे ती टाकू नये, हा हिशेब होता, आणि तो श्रीमंतही करत.

या हिशेबाचे मुंबईतले मोठे केंद्र म्हणजे धारावीतले १३ कंपाउंड. पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या मधली ही वस्ती कष्टाच्या आणि घाणीच्या धंद्यांना नवी नव्हती. कातडी कमावण्याचे कारखाने इथे एकोणिसाव्या शतकापासून होते, सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांच्या भट्ट्याही होत्या. १९७१ मध्ये कत्तलखाना धारावीपासून दूर देवनारला गेला, तसा कातड्याचा व्यवसाय हळूहळू आटला, आणि त्याच दशकांत भंगार प्लास्टिक वाढत गेले. इथले खरे कौशल्य यंत्रात नाही, निवडीत आहे. तुकडा जमिनीवर आपटून आवाज ऐकायचा: पॉलिस्टायरीन टणत्कार करते, पॉलिथिन बद्द वाजते. तरीही शंका राहिली तर कड पेटवायची. मेणबत्तीसारखा वास आला तर पॉलिथिन, दाट काजळी धरली तर पॉलिस्टायरीन, नाकाला झोंबणारा धूर आला तर पीव्हीसी. साध्या पाण्यात पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन तरंगतात, बाकीचे तळाशी जाते. पाण्यात पुरेसे मीठ घातले की पॉलिस्टायरीन वर येते आणि पीव्हीसी खालीच राहते. ही सगळी परीक्षा रसायनशास्त्राला धरून आहे आणि ती करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी प्रयोगशाळा पाहिली असेल. मग रंगवार ढीग, क्रशर, धुलाई, पत्र्यावर वाळवण. शेवटी वितळलेल्या मालाच्या लांब शेवया पाण्याच्या हौदातून निघतात आणि त्यांचा दाणा कापला जातो.

इथे एक आक्षेप सरळ मान्य करायला हवा. पितळ वितळवले की पितळच मिळते. प्लास्टिकचे तसे नाही. प्रत्येक वेळी तापवताना त्याच्या लांब साखळ्या तुटतात, जोर कमी होतो आणि रंग मिसळत जातात. पांढऱ्याचे पांढरे क्वचितच होते. शेवटी सगळे काळ्यात जमा. बांधकामावरची काळी घमेली आणि स्वस्त काळ्या बादल्या ही त्या उतरंडीची खालची पायरी. म्हणजे मोडीची उपमा पूर्ण लागू पडत नाही. पण त्या घमेल्याने एका नव्या घमेल्याचा दाणा वाचवला, हेही तितकेच खरे. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: ही काटकसर कोणाच्या फुप्फुसांवर चालली? बंद खोलीत पीव्हीसी तापवणाऱ्याच्या आणि उकिरड्यात हात घालणाऱ्या बाईच्या. कचरावेचकांत दलित स्त्रिया बहुसंख्य असणे हा योगायोग नव्हता. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. आम्ही भिकारी नाही, कामगार आहोत, हा या बायांचा दावा होता. पुढे त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करायला घेतला. या धंद्याचे गोडवे गाणाऱ्याने हा हिशेबही मांडला पाहिजे.

सूत्राची खरी कसोटी मात्र ज्या वस्तूला वजनच नाही तिथे लागते. १९८० च्या दशकात शाम्पूच्या पुड्या आल्या, मागोमाग गुटख्याच्या, चिप्सच्या. प्लास्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेली ही पुडी वेगळी करता येत नाही आणि एक किलो भरायला शेकडो लागतात. ती कोणी उचलली नाही. उचलणाऱ्याचा दिवस वाया गेला असता. तलम पिशव्यांचे तेच. २६ जुलै २००५ ला मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तुंबलेल्या नाल्यांचे खापर पिशव्यांवर फुटले, आणि महाराष्ट्राने ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांवर बंदी आणली. देशाची मर्यादा १९९९ मध्ये २० मायक्रॉन होती. ती ४०, ५०, ७५ करत २०२२ अखेर १२० वर गेली. जाड पिशवी म्हणजे वजनदार पिशवी आणि वजनदार म्हणजे विकत घेण्याजोगी. कायदा शेवटी भंगारवाल्याच्या तराजूपाशीच आला, फक्त त्याला बरीच वर्षे लागली. २०१८ च्या राज्यातल्या बंदीने पिशव्यांवर आणि थर्माकोलवर जोर दिला. थराथरांची पुडी बहुतांश सुटली.

भाव बाहेरूनही मोडतो. २०१४ च्या उत्तरार्धात खनिज तेल कोसळले, नवा दाणा स्वस्त झाला आणि जुना दाणा घ्यायला गिऱ्हाईक राहिले नाही. तेव्हा लोकांची जागरूकता कमी झाली होती असे कोणी म्हणणार नाही. २०२२ पासून मोठ्या कंपन्यांवर आपल्या वेष्टनांची जबाबदारी आली आहे आणि त्यासाठी त्या पुनर्वापराची प्रमाणपत्रे विकत घेतात. म्हणजे इतकी वर्षे बिनभावाच्या राहिलेल्या पुडीला प्रथमच काही किंमत आली. पण प्रमाणपत्र देता येते ते नोंदणीकृत कारखान्यालाच. पोटमाळ्यावर, भाड्याच्या गाळ्यात क्रशर चालवणाऱ्याला ती नोंदणी मिळणे कठीण. निवड तो करतो आणि कागद दुसऱ्याच्या नावावर निघतो. त्या कागदाच्या पैशांतले काही उकिरड्यावर वाकणाऱ्या बाईपर्यंत पोचले नाही, तर पुडी ती आजही उचलणार नाही, आणि तिचा हिशेब चुकला असे म्हणायला आपल्याकडे काही आधार नसेल.