कॅव्हेल व्हॅन : एका शववाहक डब्याचे पुनरुज्जीवन आणि स्मृतीचा पाठ

शववाहिका ही मुळात एका प्रयोजनासाठी घडविलेली वस्तू असते. तिचा रंग, तिची गती, तिच्यावरील अलंकरण या साऱ्यांतून मृत्यूविषयीचा सामाजिक संकेत व्यक्त होतो. परंतु काही वाहने शववाहिका म्हणून घडविली जात नाहीत. इतिहासाने त्यांच्यावर ते कार्य सोपविलेले असते. इंग्लंडमधील ‘कॅव्हेल व्हॅन’ हे अशा वाहनाचे लक्षणीय उदाहरण होय. साउथ ईस्टर्न अँड चॅथम रेल्वेच्या अ‍ॅशफर्ड येथील कारखान्यात १९१९ साली बांधलेला हा १३२ क्रमांकाचा चारचाकी लाकडी डबा सामान व पार्सले वाहून नेण्यासाठी होता. बांधणीनंतर दोन वर्षांच्या आत त्यातून तीन शवपेटिका डोव्हरहून लंडनला गेल्या. ९० वर्षांनी हा डबा पुन्हा उभा करण्यात आला, तेव्हा त्याचे नेमके कोणते रूप परत आणावयाचे, हा प्रश्न सुतारकामाच्या कक्षेपलीकडे गेला. प्रस्तुत विवेचनाचा विषय तोच प्रश्न आहे.

त्या तीन प्रवासांचे महत्त्व लक्षात येण्यासाठी एका शासकीय निर्णयाची पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी लागते. पहिल्या महायुद्धात परदेशी मृत्यू पावलेल्या सैनिकांचे मृतदेह मायदेशी आणू नयेत, असे ब्रिटिश शासनाने युद्धकाळातच ठरविले होते. ब्रिटनच्या सात लाखांहून अधिक मृतांपैकी जवळजवळ सर्वांच्या आप्तांना अंत्ययात्रा लाभलीच नाही. पाच लाखांहून अधिक साम्राज्यसैनिकांच्या तर कबरीचीही निश्चिती होऊ शकली नाही. अशा स्थितीत परत आलेला प्रत्येक देह अपवाद होता आणि हा डबा त्या अपवादांचे वाहन ठरला.

पहिला देह एडिथ कॅव्हेल यांचा. ब्रुसेल्समधील या ब्रिटिश परिचारिकेने सुमारे दोनशे दोस्त सैनिकांना जर्मनव्याप्त बेल्जियममधून निसटण्यास साहाय्य केले. त्याबद्दल १२ ऑक्टोबर १९१५ रोजी जर्मन सैन्याने त्यांना गोळ्या घालून मृत्युदंड दिला. मे १९१९ मध्ये त्यांचा देह या डब्यातून लंडनला आणला गेला, वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये प्रार्थना झाली आणि पुढे नॉर्विच येथे त्यांचे दफन झाले. दुसरा देह व्यापारी जहाजाचे कप्तान चार्ल्स फ्रायट यांचा. मार्च १९१५ मध्ये त्यांनी आपले जहाज एका जर्मन पाणबुडीच्या अंगावर घातले होते. हा नागरिकाने केलेला युद्धगुन्हा ठरवून जुलै १९१६ मध्ये त्यांना मृत्युदंड देण्यात आला. त्यांचा देह जुलै १९१९ मध्ये परत आला. हे दोघेही सैनिक नव्हते आणि दोघांचीही नावे युद्धकालीन प्रचारामुळे सर्वतोमुखी झालेली होती.

तिसऱ्या देहाला नावच नव्हते. फ्रान्समधील आर्मांतियेर येथे १९१६ साली एका अनोळखी ब्रिटिश सैनिकाच्या कबरीवरील साधा क्रूस पाहून सैन्यातील धर्मोपदेशक डेव्हिड रेल्टन यांना एक कल्पना सुचली होती. ओळख न पटलेल्या एकाच सैनिकाला सर्वांच्या वतीने राष्ट्रीय अंत्यसंस्कार द्यावा, अशी ती कल्पना. १० नोव्हेंबर १९२० रोजी ‘व्हर्डन’ या युद्धनौकेवरून हा देह डोव्हरला उतरला आणि त्याच डब्यातून रात्री ८ वाजून ३२ मिनिटांनी व्हिक्टोरिया स्थानकाच्या आठ क्रमांकाच्या फलाटावर पोहोचला. मार्गावर उभ्या असलेल्या लोकांना अंधारातही डबा ओळखता यावा म्हणून त्याचे छप्पर पांढरे रंगविले होते. ‘सैनिक’ न म्हणता ‘योद्धा’ म्हणण्यात नौदल व वायुदलातील मृतांनाही सामावून घेण्याचा हेतू होता. दुसऱ्या दिवशी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये दफन झाले. देह कोणाचाच नाही म्हणून तो कोणाचाही असू शकतो, या शक्यतेवर लक्षावधी कुटुंबांच्या शोकाला आधार मिळाला.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाचे लक्ष येथे नामकरणाच्या प्रक्रियेकडे जावे. या धाटणीच्या साऱ्याच डब्यांना रेल्वे कामगार ‘कॅव्हेल व्हॅन’ म्हणू लागले. एका स्त्रीचे विशेषनाम कामगारांच्या बोलीत सामान्यनाम झाले. हे नामकरण कोणत्याही शासकीय ठरावाने झालेले नाही; मालाची चढउतार करणाऱ्यांच्या तोंडी ते रुळले. परिणामी असा विपर्यय घडला, की साम्राज्यातील सर्वांत गाजलेला अनाम देह ज्या डब्यातून गेला, तो डबा मात्र नावाने ओळखला जातो आणि ते नाव त्या देहाचे नाही. राजसत्तेने अनामिकतेचे स्मारक उभारले; श्रमिकांच्या भाषेने नाव जपले.

पुढे या डब्याला कोणतीही विशेष प्रतिष्ठा मिळाली नाही. तो सामान वाहत राहिला आणि नंतर रेल्वेच्या अंतर्गत कामांसाठी वापरला गेला. १९९१ साली तो सेवेतून निवृत्त झाला. तो टिकला तो पूज्य म्हणून नव्हे, तर उपयोगी म्हणून. २००४ मध्ये तो टेंटर्डन येथील केंट अँड ईस्ट ससेक्स रेल्वे या स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या वारसा रेल्वेच्या ताब्यात आला. नोव्हेंबर २००९ मध्ये पुनरुज्जीवनासाठी ३५,००० पौंडांच्या निधीचे आवाहन करण्यात आले आणि अज्ञात योद्ध्याच्या आगमनाला ९० वर्षे होत असताना, २०१० साली, काम पूर्ण झाले. आत शवपेटिकेची प्रतिकृती ठेवून हा डबा बोडियम स्थानकावर पाहण्यासाठी ठेवला गेला.

येथे पाठचिकित्सेशी असलेले साम्य उघड होते. मराठीच्या अभ्यासकाला एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, केलेल्या ज्ञानेश्वरीच्या शुद्धीकरणाचे स्मरण व्हावे. प्रक्षेप दूर करून मूळ पाठाकडे जाण्याची ती धारणा होती. परंतु प्रत्येक संशोधित पाठ हा संशोधकाच्या निर्णयांचाही पाठ असतो. लाकडी डब्याच्या बाबतीत तर हे अक्षरशः खरे ठरते. कुजलेली फळी बदलली की मूळ द्रव्य जाते आणि आकार राहतो. ती तशीच ठेवली तर द्रव्य राहते, पण डबा कोसळतो. शिवाय सात दशकांची मालवाहतूक हा प्रक्षेप मानावयाचा की मूळ संहितेचाच भाग? डब्याच्या आयुष्यात शववहनाचे दिवस हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके, तरीही पुनरुज्जीवन झाले ते त्याच दिवसांचे. त्यातही शवपेटिकेची प्रतिकृती १९२० ची आणि नाव १९१९ चे. तीन प्रवासांचा एकत्रित पाठ संपादकांनी सिद्ध केला, असेच म्हणावे लागेल.

हा पाठ कोणाला वगळतो, हे पाहण्यासाठी डोव्हरप्रमाणेच इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर असलेल्या ब्रायटन शहराकडे वळावे लागते. तेथील रॉयल पॅव्हिलियन या राजवाड्याचे १९१४ च्या अखेरीस जखमी भारतीय सैनिकांसाठी रुग्णालयात रूपांतर झाले. शहरात मृत्यू पावलेल्या ५३ हिंदू व शीख सैनिकांचे दहन जवळच्या पॅचम टेकडीवर होऊन त्यांची रक्षा समुद्रात विसर्जित झाली. मुस्लिम सैनिकांचे दफन वोकिंगजवळ झाले. दहनस्थळी उभारलेल्या संगमरवरी छत्रीचा आराखडा मुंबईचे तरुण वास्तुविशारद ई. सी. हेन्रिकेस यांनी केला आणि फेब्रुवारी १९२१ मध्ये, अज्ञात योद्ध्याच्या दफनानंतर अवघ्या तीन महिन्यांनी, तिचे अनावरण झाले. छत्रीवर नावे नव्हती. ती कोरलेला स्मृतिशिलालेख तेथे आला तो सप्टेंबर २०१० मध्ये, म्हणजे कॅव्हेल व्हॅन पुन्हा उभी राहिली त्याच वर्षी.

या दोन घटनांचा योग आकस्मिक असला, तरी त्यांतील भेद अर्थपूर्ण आहे. दहनाच्या परंपरेत तिरडी मृतासोबतच अग्नीच्या स्वाधीन होते. वाहन मागे उरतच नाही, त्यामुळे त्याच्या जतनाचा प्रश्न उद्भवत नाही. महाराष्ट्रातील वीरगळांवर अप्सरा वीराला स्वर्गात नेताना दिसतात. वाहून नेण्याची क्रिया तेथे दगडात येते, पण बहुतेक वीरगळांवर वीराचे नाव नसते. जेथे वस्तू उरत नाही, तेथे स्मृतीचा सारा भार नावावर पडतो आणि नावही कोरले नाही तर विस्मृती पूर्ण होते. अज्ञात योद्ध्याची अनामिकता हा निवडलेला सन्मान होता. पॅचमच्या ५३ जणांची नावे नोंदींत असूनही छत्रीवर आली नाहीत. या दोन अनामिकतांना एकाच मापाने मोजता येत नाही.

म्हणून दुर्मीळ शववाहनाच्या पुनरुज्जीवनाकडे केवळ वारसाप्रेम म्हणून पाहणे अपुरे ठरते. जतन केलेली वस्तू इतिहासाची साक्ष देते, परंतु ज्यांच्या अंत्यविधीत वस्तू उरत नाही, त्यांच्याविषयी ती मूक राहते. कॅव्हेल व्हॅनचा पाठ वाचताना पॅचमचा शिलालेख शेजारी ठेवला, तरच १९२० च्या त्या शोकयात्रेचा पूर्ण अर्थ हाती लागतो.