अंगणातल्या फुलांचे मूळ गाव

मागच्या पावसाळ्यात एका वृक्षारोपणाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात सांगितले, देशी झाडेच लावा. सल्ला योग्य होता. वड, करंज, बहावा लावणारे हात कमीच पडतात. पण पुढे ते म्हणाले की गुलमोहर, गुलबक्षी ही नावेसुद्धा आक्रमणाची खूण आहे, ती मराठीतून गेली पाहिजेत. टाळ्या पडल्या. त्यांच्या गळ्यातल्या हारात झेंडू होता, मधे मधे निशिगंध गुंफलेला होता. दोन्ही फुले मूळची मेक्सिकोची.

मी तिथे काही बोललो नाही. मात्र घरी येताना ठरवले की या फुलांचा प्रवास एकदा नीट लिहून काढायचा.

सुरुवात बाबरापासून करू, कारण आक्रमणाची गोष्ट निघाली की पहिले नाव त्याचेच येते. बाबरला हिंदुस्थानातले बरेच काही आवडले नाही, आणि ते त्याने आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले आहे. फुलांच्या बाबतीत मात्र तो हरला. जास्वंदीचे वर्णन त्याने बारकाईने केले आहे. फूल एका दिवसात कोमेजते, हेही त्याच्या नजरेतून सुटले नाही. केवडा आणि कण्हेर यांच्याबद्दलही तो लिहितो. १५२८ मध्ये तो ग्वाल्हेरला गेला. तिथल्या बागेतली गडद लाल कण्हेर त्याला इतकी आवडली की त्याने ती रोपे आग्र्याला नेऊन आपल्या बागांत लावली. त्याचा पणतू जहांगीर त्याच्याही पुढे गेला. सुवासिक फुलांच्या बाबतीत हिंदुस्थानची बरोबरी कोणताच देश करू शकत नाही, असे मत त्याने आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आणि त्या यादीत चाफा, केवडा, बकुळ यांची नावे घातली. हा चाफा म्हणजे आपला सोनचाफा. तो अस्सल इथलाच.

दख्खनमध्ये बागांची परंपरा दिल्लीच्या आश्रयाने आली असे नाही. बहमनी, निजामशाही, आदिलशाही या राजवटींनी आपापल्या बागा उभ्या केल्या. अहमदनगरची फराहबाग आणि हश्त-बिहिश्त बाग यांचे अवशेष आजही पाहायला मिळतात. पुढे औरंगाबादला बीबी का मकबऱ्याभोवती चार भागांची बाग झाली. या बागांतून इराणी शब्द मराठीत उतरले आणि मुरले. बाग, बगीचा, हौद हे त्यातलेच. कलम हा शब्द तर फारच बोलका आहे. मूळ अरबी, फारसीतून आलेला. लिहिण्याची लेखणीही कलम आणि झाडाला बांधायचे तेही कलम. कोकणातला शेतकरी आंब्याचे कलम बांधताना आपण परका शब्द वापरतो आहोत असे मनातही आणत नाही.

आता समुद्राकडे वळू. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतले. १५६५ पासून स्पॅनिश जहाजे मेक्सिकोतल्या आकापुल्कोहून फिलिपाइन्समधल्या मनिलाला ये-जा करू लागली, ती थेट १८१५ पर्यंत. या दोन्ही वाटांनी अमेरिका खंडातली झाडे आशियात पोहोचली. मिरची, बटाटा, पेरू यांची कथा आपल्याला ठाऊक असते. फुलांची कथा सहसा कोणी सांगत नाही, कारण फूल पोटाला लागत नाही.

ही नवी फुले दख्खनमध्ये आली तेव्हा त्यांना नाव हवे होते. बाजारात, छावणीत, दरबारात फारसी आणि दख्खनी चालत होती, म्हणून ‘गुल’ म्हणजे फूल हा शब्द पुढे लागला. दक्षिण अमेरिकेतले संध्याकाळी उमलणारे फूल गुल-ए-अब्बास झाले, त्याचे आपण गुलबास केले आणि गुलबक्षीही केले. त्या फुलावरून आपण एका रंगाचेही नाव ठेवले. निशिगंधाचे दुसरे नाव गुलछडी. यात ‘गुल’ फारसी, ‘छडी’ देशी आणि रोप मेक्सिकोचे. मेक्सिकोतले जुने रहिवासी आझ्टेक त्याला हाडाचे फूल म्हणत, त्याच्या पांढऱ्या रंगावरून. आपल्याकडे तीच गुलछडी लग्नाच्या सेहऱ्यात येते आणि मुंडावळ्यांतही. शेवंतीच्या जातकुळीतली गुलदावदी चीनकडची, आणि तिचे नाव हजरत दाऊद यांच्यावरून. गुलाब या शब्दाची तर गंमतच आहे. फारसीत गुलाब म्हणजे फुलाचे पाणी, गुलाबजल. आपण पाण्याचे नाव फुलालाच देऊन टाकले.

गुलमोहर या सगळ्यांत धाकटा. तो मूळचा मादागास्करचा. मॉरिशसमध्ये राहणाऱ्या वेन्सेस्लास बोयर या वनस्पतिशास्त्रज्ञाने तो जगासमोर आणला आणि १८२९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन छापले गेले. म्हणजे हे झाड भारतात आले तेव्हा मोगल बादशाही फक्त नावाला उरली होती आणि राज्य कंपनी सरकारचे होते. त्याच्या नावातला ‘मोहर’ म्हणजे नाणे की मोर, यावर एकमत नाही. पण एवढे नक्की की ‘गुल’ हे नाव देणारे कोणी आक्रमक सुलतान नव्हते. तोवर तो शब्द इथल्या सामान्य माणसाच्या तोंडचा झाला होता. आज साताऱ्यात १ मे रोजी गुलमोहर दिवस साजरा होतो. महाराष्ट्र दिनालाच.

नाव देण्याची ही रीत एका बाजूनेच चालली असेही नाही. बोगनवेल घ्या. ती ब्राझीलची. १७६७ मध्ये रिओ द जानेरोला थांबलेल्या फ्रेंच मोहिमेतल्या फिलिबेर कॉमेरसाँ याने तिची नोंद केली आणि मोहिमेचा प्रमुख बोगनव्हिल याचे नाव तिला मिळाले. मराठी माणसाने ते नाव ऐकले, त्यात त्याला ‘वेल’ ऐकू आला, आणि फ्रेंच दर्यावर्दीची बोगनवेल झाली.

सगळ्यांत मोठा मान मिळाला तो पांढऱ्या चाफ्याला. बोटभर जाड फांद्या, तोडले की पांढरा चीक, हिवाळ्यात निष्पर्ण. हे झाड मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांचे. निकाराग्वा देशाचे ते राष्ट्रीय फूल आहे. सोनचाफ्याशी त्याचे कसलेही नाते नाही, तरी सुगंधामुळे आपण त्याला चाफा म्हटले. मग देवळाच्या आवारात लावले आणि देवचाफा म्हटले. त्याची फांदी तोडून टाकली तरी तिला काही दिवस पाने-फुले येत राहतात. म्हणूनच असेल, मरणाच्या जागीही माणसांनी त्याला जवळ केले. इंडोनेशिया-मलेशियात हे झाड मुस्लिम कब्रस्तानांत दिसते, श्रीलंकेत बौद्ध विहारांत, आपल्याकडे देवळातही आणि दर्ग्यातही.

मग बाहेरून आलेले सगळेच चांगले का? तसे नाही. घाणेरी हीसुद्धा बागेची शोभा म्हणूनच अमेरिकेतून आणली गेली. आज तिने आपली जंगले व्यापली आहेत आणि तिच्याखाली गवत उगवत नाही. जलपर्णीही तिच्या जांभळ्या फुलांसाठी आणली. आज ती इंद्रायणी आणि पवनेचा श्वास कोंडते. त्यामुळे पाहुण्यांचा देशी झाडांचा आग्रह मी खोटा ठरवणार नाही. जिथे जंगल उभे करायचे तिथे गुलमोहर लावू नये, हे मलाही पटते. पण घाणेरी उपटायची ती तिने काय केले म्हणून, ती कुठून आली म्हणून नव्हे. नाहीतर झेंडूही उपटावा लागेल आणि दसऱ्याला दाराला तोरण राहणार नाही. आणि माणसे म्हणजे झाडे नव्हेत, हेही लक्षात ठेवावे. झाडांचा नियम माणसांना लावण्याची घाई झाली की भाषण भरकटते.

शब्द बदलण्याचे प्रयत्न आपल्याकडे जुने आहेत. शिवरायांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली आणि त्यातले दिनांक, महापौर हे शब्द मराठीत छान रुजले. मी ते रोज वापरतो. पण कचेरीची भाषा ठरवून बदलता येते, अंगणाची नाही. गुलाबाला दुसरे नाव देऊन पाहा, फूलवाली तुमच्याकडे बघत राहील.

आमच्या गावच्या दर्ग्यात एक म्हातारा चाफा आहे. दादी सांगायची, त्याची फांदी मारुतीच्या देवळातून आली. गुरवानेच तोडून दिली आणि म्हणाला, चार दिवस सावलीत सुकू दे, मग लाव, नाहीतर कुजेल. दादी गेली तेव्हा अब्बांनी दर्ग्यातल्या चाफ्याची एक फांदी तोडली, चार दिवस सावलीत ठेवली आणि तिच्या कबरीच्या उशाला लावली. शेजारी सब्जा पेरला. आता ते झाड माझ्या खांद्याएवढे झाले आहे. यंदा त्याला पहिल्यांदा फुले आली.