दहाचे तीन सेट

रत्नागिरीत मारुती मंदिराच्या बाजूला जा नाहीतर साळवी स्टॉपला, जिममध्ये नवा मुलगा आला की त्याला पहिल्याच दिवशी ऐकायला मिळतं, "दहाचे तीन मार." दहाच का आणि तीनच का, हे सहसा कुणी विचारत नाही. या आकड्यांना मात्र जन्मदाता आहे आणि जन्मसालही आहे.

त्याआधीची रीत वेगळी होती. तालमीतल्या साधनांचं वजन ठरलेलं असे. दगडी नालाला किंवा लाकडी मुद्गलाला दोन किलो जोडायची सोय नव्हती. जोर-बैठकांत तर वजन म्हणजे आपलंच अंग. त्यामुळे ताकद वाढवायची ती आकडा वाढवून. आज पन्नास बैठका, काही दिवसांनी शंभर, मग दोनशे. यातून दम वाढे, मांड्या भरत, खांदे मोकळे राहत. कुस्तीला तेच हवं असे. १८५६ साली रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष अभ्यास बाजूला सारून शरीर कमावण्यात घालवलं. परीक्षेत ते नापास झाले. पण किरकोळ अंगकाठीचा मुलगा काटक झाला, तो याच देशी पद्धतीच्या मेहनतीवर.

त्यानंतर विलायती पहिलवान युजेन सँडो आला. त्याची पुस्तकं आणि उपकरणं टपालानं जगभर जात. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ती मागवून सुमारे दहा वर्षं नेमानं व्यायाम केला. १९०८च्या सुमारास मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि त्यांनी आयुष्यभर त्यांचाच प्रसार केला. त्यांचं नमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनमध्ये निघालं. देशी की विलायती, हा वाद आज जिमच्या दारात घातला जातो. औंधच्या राजानं शंभर वर्षांपूर्वी दोन्ही स्वतःच्या अंगावर करून पाहिलं आणि मग निवड केली. वाद घालण्याची ही रीत मला फार पटते.

खरा बदल घडवला तो प्लेटांनी. अमेरिकेत फिलाडेल्फियात ॲलन कॅल्व्हर्टनं १९०२ साली मिलो बारबेल कंपनी काढली आणि वजन कमी-जास्त करता येणारे बार विकायला सुरुवात केली. आता आकडा तोच ठेवून भार थोडा थोडा चढवता येऊ लागला. स्नायू फुगवायचे तर हा मार्ग जवळचा, हे मान्य केलंच पाहिजे.

दहाचा हिशेब मात्र पहिलवानानं नाही, डॉक्टरनं मांडला. थॉमस डीलॉर्म हा अमेरिकन लष्करी डॉक्टर स्वतः वजनं उचलणारा. दुसऱ्या महायुद्धात जखमी होऊन आलेल्या सैनिकांच्या गुडघ्यांना पुन्हा बळ यावं म्हणून त्यानं भारी वजनाचा व्यायाम सुरू केला. तोवर अशा रुग्णांना हलकं वजन देऊन पुष्कळ वेळा हलवायला लावत. १९४५ साली त्यानं आपली पद्धत प्रसिद्ध केली. तेव्हा तो दहाचे सात ते दहा सेट करवून घेई. इतके नकोत असं दिसल्यावर १९४८ साली त्यानं आणि त्याचा सहकारी वॉटकिन्सनं ते तीनवर आणले.

त्यांची मांडणी अशी: जे वजन जेमतेम दहा वेळा उचलता येतं ते मूळ धरायचं. पहिला सेट त्याच्या निम्म्यानं, दुसरा पाऊणपटीनं आणि तिसरा पूर्ण वजनानं. म्हणजे मूळ वजन चाळीस किलो असेल तर आधी वीस, मग तीस, मग चाळीस. पहिले दोन सेट अंग तयार करायला. कस लागायचा तो तिसऱ्यात. आपल्याकडे आकडा पोचला, ही चढण वाटेत गळाली. पोरं पहिल्याच सेटला चाळीस लावतात आणि तिसऱ्यात कंबर वाकडी करून कसंबसं दहा पुरे करतात.

हौशी माणसाला स्पर्धेत उतरायचं नसतं. त्याची नोकरी असते, दुकान असतं; शिमग्याला आणि गणपतीत खंडही पडतो. त्यानं भारासाठी प्लेटा घ्याव्यात, पण दम आणि मोकळ्या सांध्यांसाठी जोर-बैठका सोडू नयेत. जोर-बैठकांना फी लागत नाही आणि पावसात घराबाहेरही पडावं लागत नाही. मोठा खंड पडल्यावर जिममध्ये परत गेलात, तर जुनं वजन विसरा. दहा वेळा नीट जमेल ते नव्यानं ठरवा आणि सुरुवात त्याच्या निम्म्यानं करा.