काडतुसाची चार अंगे आणि पितळेचा ताव

हे शीर्षक वाचून आमच्या ज्ञातिबांधवांस नवल वाटेल. ज्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या घागरी, पराती, तपेली आणि समया घडल्या, त्यांच्या स्मरणिकेत बंदुकीच्या काडतुसाला जागा कशासाठी, असा प्रश्न कोणीही विचारील, आणि तो रास्तच आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येते: काडतुसाचे देह पितळेचे आहे, आणि पितळेच्या देहाला काय सोसते व काय सोसत नाही हे ज्ञान आपल्या घरांतले आहे. तेव्हा ही हकीकत परदेशाची असली तरी तिच्यातील मुख्य पात्र आपल्या ओळखीचे आहे.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखात तांबूस हरणांची टेहळणी करून शिकार करण्याची रीत जुनी आहे. हे हरिण म्हणजे काश्मीरच्या हंगुलाचा जवळचा आप्त. वाऱ्याची दिशा पाहून, झुडपांतून पोटावर सरपटत शिकारी हरणाच्या टप्प्यात जातो आणि एकच गोळी झाडतो. विल्यम स्क्रोप याने या विद्येवर १८३८ साली ग्रंथ लिहिला, तेव्हापासून तिला शास्त्राची प्रतिष्ठा मिळाली. त्या देशातील लांडगे कित्येक पिढ्यांपूर्वी नामशेष झाले. त्यामुळे हरणांची संख्या आवरली नाही, तर नवी झाडे वाढू शकत नाहीत, अशी तेथील अडचण आहे. या कामात पडलेले कित्येक लोक कारखान्याचे तयार काडतूस न घेता आपले काडतूस घरी स्वतः भरतात. त्यासाठी त्यांस चार वस्तूंची निवड करावी लागते: पितळी कवच, ठिणगी देणारी टोपी, दारू आणि गोळी. या चार अंगांचा इतिहास पाहिला म्हणजे ती निवड केवळ हौसेची बाब नाही, हे ध्यानात येते.

प्रारंभी ही चारही अंगे सुटी होती. तोडेदार बंदूक भरताना शिंगातून दारू ओतावी, वर गोळी टाकावी, गजाने ठासावी आणि कानावर जळता तोडा टेकवावा, असा क्रम असे. पुढे दारू व गोळी कागदाच्या एका पुडीत बांधू लागले, आणि ती पुडी दाताने फाडून नळीत रिती करावी लागे. या कागदी काडतुसाला लावलेल्या चरबीने आपल्या देशात काय घडविले, हे सांगावयास नको. १८५७ च्या जानेवारीत कलकत्त्याजवळच्या डमडम येथे कुजबूज सुरू झाली, आणि २९ मार्च रोजी बराकपूर येथे मंगल पांडे यांनी शस्त्र उचलले. डमडमचे नाव पुढे पुन्हा येणार आहे. वाचकांनी ते ध्यानी ठेवावे.

दुसरे अंग टोपीचे. तिचा उगम शिकारीतच आहे. अलेक्झांडर फोर्सिथ हे स्कॉटलंडमधील बेलहेल्व्ही गावचे धर्मोपदेशक. त्यांस पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. चकमकीच्या बंदुकीत आधी बाहेरची दारू भडके व मग आतली पेटे. तेवढ्या अवकाशात भडका पाहून पक्षी निसटे. आघाताने पेटणारे क्षार वापरून त्यांनी हा विलंब घालविला आणि १८०७ साली त्याचे एकस्व घेतले. पुढे तांब्याच्या चिमुकल्या टोपीत हेच द्रव्य बसविण्यात आले.

पितळ या कथेत प्रवेश करते ते यानंतर. वुलिचच्या सरकारी प्रयोगशाळेचे प्रमुख एडवर्ड बॉक्सर यांनी १८६६ साली पितळेच्या पातळ पट्टीचे कवच सिद्ध केले. पट्टी गुंडाळण्याऐवजी पितळेच्या चकतीतून अखंड कवच ओढून काढण्याची पद्धत नंतर रूढ झाली. त्याच सुमारास अमेरिकेत हायरम बर्डन यांनी टोपी बसविण्याची निराळी रचना काढली. बॉक्सरच्या रचनेत कवचाच्या बुडाला मधोमध एकच छिद्र असते, आणि टोपीची ऐरण टोपीतच असते. बर्डनच्या रचनेत ऐरण कवचाचाच भाग असून छिद्रे बाजूस असतात. मौज अशी की इंग्रजाची रचना अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची रचना युरोपात. घरी काडतूस भरणारा बॉक्सरचे कवच पसंत करतो, कारण मधल्या छिद्रातून सळई घातली की जळालेली टोपी सहज बाहेर पडते व कवच पुन्हा कामास येते.

तिसरे अंग दारूचे. सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू शतकानुशतके चालली. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी धूर न करणारी दारू तयार केली, आणि १८८९ मध्ये इंग्लंडात कॉर्डाइट आले. नवी दारू थोडी घालूनही जोर फार देते. म्हणून काळ्या दारूच्या मापाने ती भरणाऱ्यांच्या बंदुका फुटल्या. शिवाय प्रत्येक दारूची जळण्याची गती वेगळी. जड गोळी व मोठे कवच असेल, तर सावकाश जळणारी दारू लागते. तेथे झपाट्याने जळणारी घातली, तर दाब एकदम चढतो. उष्णतेचाही तिच्यावर परिणाम होतो. याच कारणाने इंग्रज कारखानदार हिंदुस्थान व आफ्रिकेसाठी कमी भरणीची काडतुसे वेगळी करीत. म्हणून जाणता भरणारा दारू डोळ्यांच्या अंदाजाने घेत नाही. ती तराजूत ग्रेनच्या मापाने तोलतो. हा ग्रेन आपल्यास परका नाही. इंग्रजी अमदानीतील तोळा बरोबर १८० ग्रेनांचा होता, म्हणजे माशाला १५ ग्रेन. सोनाराच्या काट्याची दक्षता तेथे दारूच्या काट्याला लागते.

चौथे अंग गोळीचे, आणि येथे डमडम पुन्हा येते. नव्या दारूच्या वेगाला उघडे शिसे टिकेना, म्हणून गोळीवर कठीण धातूचे आवरण चढविले. पण अशी गोळी देहातून आरपार जाई व थांबत नसे. तेव्हा १८९० नंतरच्या दशकात डमडमच्या दारूगोळा कारखान्यातील कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोकाचे आवरण काढून शिसे उघडे ठेवले. ही गोळी देहात शिरताच फुलते आणि भयंकर जखम करते. १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात अशा गोळीवर बंदी घातली. परंतु ब्रिटनच्या १९६३ च्या हरिणविषयक कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये हरणावर रायफल चालविताना मऊ किंवा पोकळ टोकाचीच गोळी वापरावी असे ठरविले, आणि स्कॉटलंडच्या १९८५ च्या आदेशातही फुलणाऱ्या गोळीचाच आग्रह आहे.

जे माणसासाठी निषिद्ध, तेच हरणासाठी सक्तीचे, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते. विचार केला म्हणजे त्यामागील हेतू उमगतो. मोठ्या राष्ट्रांनी असे मानले की सैनिकास लढण्यास असमर्थ करणे पुरे, त्याच्या यातना वाढवू नयेत. हरणाचे तसे नाही. त्याला कोणी शुश्रूषेस नेणार नाही. आरपार गेलेली गोळी घेऊन ते डोंगरात पळाले, तर दिवसेंदिवस तडफडत मरेल. म्हणून तेथे दयेचा अर्थ तत्काळ मृत्यू असा होतो. त्यासाठीच १९८५ च्या आदेशाने मोठ्या हरणांकरिता गोळी निदान १०० ग्रेनची, तिचा वेग सेकंदास निदान २,४५० फूट आणि जोर १,७५० फूट-पौंड असावा, असे बंधन घातले. पुढे शिशाचे कण मांसात व वन्य पशुपक्ष्यांच्या पोटात जातात हे ध्यानी आल्यावर निव्वळ तांब्याच्या गोळ्या पुढे आल्या. तांबे शिशाहून हलके, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते व प्रत्येक नळीच्या पिळाला ती मानवत नाही. म्हणून २०२३ मध्ये वजनाची मर्यादा ८० ग्रेनवर आणण्यात आली. गोळीची निवड अशी नीती, कायदा आणि धातू या तिन्हींशी बांधलेली आहे.

आता पुन्हा पितळेकडे वळू. बार उडाला की टोपी संपते, दारू जळते, गोळी निघून जाते. भरणाऱ्याच्या हाती परत येते ते केवळ कवच. म्हणून चारांपैकी खरी पारख त्याचीच. कवचाचे पितळ सत्तर भाग तांबे व तीस भाग जस्त या प्रमाणाचे असते. बार होताना ते फुगून नळीला घट्ट चिकटते व वायू मागे येऊ देत नाही. मग किंचित आकसून मोकळे होते. पुन्हा भरण्यापूर्वी ते साच्यात दाबून मूळ आकारावर आणावे लागते. फुगणे आणि दाबणे असे वारंवार झाले की पितळ कडक होते व त्याच्या मानेस चीर जाते. यावरचा उपाय आपल्या कोणत्याही वृद्ध कारागिरास विचारावा. परात मठारताना पत्रा ताठ झाला की तो काय करतो? भट्टीत घालून ताव देतो, आणि धातू पुन्हा मऊ होतो. काडतूस भरणाराही तेच करतो. मात्र तो कवचे अर्धी पाण्यात उभी करून केवळ मानेला आच देतो, कारण बुडाचे पितळ मऊ झाले तर दाबाने फाटून भरणाऱ्याच्याच तोंडावर येईल. कोठे ताव द्यावा आणि कोठे देऊ नये, हे तारतम्य दोन्ही ठिकाणी एकच.

याची सर्वांत मोठी साक्ष आपल्याच देशातील आहे. इंग्रजी सैन्याने पावसाळ्यात काडतुसे घोड्यांच्या तबेल्यांत साठविली आणि नंतर पाहतात तो कित्येक कवचांना कोणी हात न लावता भेगा गेलेल्या! पावसाळ्यानंतर आढळली म्हणून तिला ऋतुमानाची भेग असे नाव पडले. १९२१ साली मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी तिचे कारण सिद्ध केले. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया वायू दमट हवेत पितळेला बाधतो. पण तो बाधतो ज्या पितळेत घडणीचा ताण शिल्लक राहिला आहे त्यालाच. घडणीनंतर बेताचा ताव देऊन तो ताण काढला की भेग जात नाही. कल्हई करताना नवसागराचा जो उग्र दर्प नाकाला झोंबतो, तो याच वायूचा. म्हणजे रोगाचा वास आणि रोगाचे औषध, दोन्ही आपल्या दुकानांत होती!

पुण्याजवळ खडकी येथे १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, आणि पुण्यातच तांबट आळीही आहे. एका ठिकाणी पितळेचे ज्ञान कोष्टकांत व अहवालांत लिहिले गेले; दुसऱ्या ठिकाणी ते हाताकडून हाताकडे गेले. लिहिलेले टिकले. पोलादी भांड्यांनी आपल्या भट्ट्या मंदावल्या, तेव्हा हातांतले ज्ञान हातांबरोबर जाऊ लागले, ही गोष्ट आम्हांस या इतिहासाहून अधिक बोचते.

हे सर्व लिहिताना बंदुकीचा पुरस्कार करण्याचा आमचा हेतू नाही. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्यावाचून दारूगोळा करणे हा गुन्हा आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने व १९९१ मधील त्याच्या दुरुस्तीने शौकाची शिकार बंद झाली, हे योग्यच झाले. आमचे सांगणे एवढेच की ज्या ताव देण्याला घरातील शिकलेली मुले जुना धंदा म्हणून हसतात, तो धातुशास्त्राचा एक पक्का सिद्धान्त आहे. तेव्हा ज्यांच्या घरी अद्याप एखादे वडीलधारे आजोबा किंवा काका भट्टीचा रंग पाहून धातूची अवस्था सांगू शकतात, त्यांनी या दिवाळीच्या सुटीत त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे. कोणत्या रंगावर पितळ काढावे, कोणत्या रंगावर तांबे, मिश्रणात जस्त केव्हा टाकावे, पत्र्याचा आवाज बदलला की काय समजावे, हे सर्व त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. परदेशातील एक शिकारी रिकामे कवच जमिनीवरून उचलून, पुसून, पारखून पुन्हा जपून ठेवतो. आपल्या वाडवडिलांच्या विद्येला आपण निदान तेवढे तरी जपावे.