दोन थाऊचा हिशोब

अमरावतीच्या आमच्या घरी जिन्याखाली एक येझदी उभी आहे. १९७५ सालची, आजोबांची. मागच्या दिवाळीला पुण्याहून घरी गेलो तेव्हा ठरवलंच की यंदा हिला चालू करायचं. दहाव्या किकला झालीही. (ज्या दांड्याने किक मारायची तोच पुढे पाडून गिअर टाकायचा. येझदीवाल्यांना हे सांगायला नको, बाकीच्यांनी विश्वास ठेवावा.) पण आनंद दोनच मिनिटं टिकला. एक्सलरेटर सोडला की कधी बंद पडायची, तर कधी आपणहून रेस व्हायची. शिवाय कार्बोरेटरखालून पेट्रोल टपकत होतं.

मी पडलो कॉम्प्युटरवाला. आमच्या धंद्यात जुनं मॉड्यूल त्रास द्यायला लागलं की काढून नवं टाकायचं. इथेही तेच करणार होतो. येझदीचा मूळचा जिकोव्ह कार्बोरेटर काढून मिकुनी पद्धतीचा बसवणारे खूप लोक आहेत, त्यात काही पाप नाही. पण इतवाऱ्यातल्या मिस्त्रीकाकांनी कार्बोरेटर खोलला, आतला स्लाइड माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बोट फिरवून पाह्य भाऊ. हा बिघडला नाई, घासला हाये. फेकाले काहून निघाला?"

आता थोडं तांत्रिक. इंजिन हवा ओढतं, ती कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून जोरात जाते, तिथे दाब कमी होतो आणि जेटमधून पेट्रोल वर खेचलं जातं. बारावीच्या फिजिक्समधला बर्नोली तो हाच. किती हवा जाऊ द्यायची हे ठरवतो स्लाइड, म्हणजे एक्सलरेटरच्या केबलला लटकलेला, वर-खाली होणारा डबीसारखा तुकडा. पन्नास वर्षं वर-खाली होऊन तो आणि त्याचं भोक, दोन्ही घासतात. मग फटीतून चोरून हवा आत शिरते. टू-स्ट्रोक गाडीत हा नुसता आवाजाचा प्रश्न नसतो. हवा जास्त, पेट्रोल कमी झालं की इंजिन तापतं. तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं, म्हणजे तेलही कमी. शेवटी चालत्या गाडीत पिस्टन जाम.

"मग एवढ्या किचकट वस्तूची दुरुस्ती करायची सवय आपल्याकडे लागली कशी?" असं मी काकांना विचारलं. त्यांचं उत्तर एका वाक्याचं होतं: "पार्ट भेटे कुठी तवा?"

या वाक्यात बराच इतिहास आहे मंडळी. जावा ही मूळची चेकोस्लोव्हाकियाची कंपनी. १९२९ साली यानेचेक या कारखानदाराने वांडरर या जर्मन कंपनीचं मोटरसायकलचं डिझाइन घेतलं आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून 'जावा' केलं. आपल्याकडे १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात या गाड्या बनू लागल्या आणि १९७३ पासून त्याच 'येझदी' नावाने विकल्या गेल्या. त्याआधी १९५५ पासून मद्रासला बुलेट सुरू झाली होती, साठच्या दशकात पोलिश गाडीवर बेतलेली राजदूत आली. दिसायला बाजार भरलेला, पण तो परमिट राजचा काळ. कारखान्याने किती गाड्या काढायच्या हे लायसन्सवर ठरायचं आणि बाहेरून पार्ट मागवायचा तर आयातीचा परवाना. स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. अशा काळात अमरावती-अकोल्यासारख्या गावी कार्बोरेटरचा स्लाइड घासला म्हणून गाडी उभी ठेवणं परवडणारच नव्हतं.

ऐंशीच्या दशकात शंभर सीसीच्या जपानी तंत्राच्या गाड्या आल्या आणि पेट्रोल पिणाऱ्या येझदीचा काळ संपला. १९९६ ला म्हैसूरचा कारखाना बंद झाला. म्हणजे आधी पार्ट मिळत नव्हते परवान्यामुळे, नंतर मिळेनात कारखानाच नाही म्हणून! जावा हे नाव २०१८ ला आणि येझदी २०२२ ला परत आलं, पण त्या गाड्या वेगळ्या. आजोबांच्या गाडीला त्यांचा उपयोग शून्य.

बरं, गरज तर सगळ्या देशाला होती. कसब आलं कुठून? वऱ्हाडापुरतं माझं लॉजिक असं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरची नजर वऱ्हाडाकडे वळली. त्याच दशकात रेल्वे आली, मागोमाग जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने. यंत्र आलं की शाफ्ट घासणार, बुश झिजणार, आणि कापसाचा हंगाम काही मुंबईहून पार्ट येईपर्यंत थांबत नाही. तो इथेच, लेथवर बनवायचा. ज्या हातांना जिनचा बुश बनवता येतो त्यांना मोटरसायकलचा स्लाइड काय अवघड?

आमचे काकाही म्हणाले, "अकोल्याले जा. तिथचा टर्नर हे काम करते." त्याचं वर्कशॉप पूर्वी जिनिंगच्याच कामावर चालायचं.

अमरावती-अकोला रस्ता साधारण शंभर किलोमीटर. याच रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा एका लेनचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज रेकॉर्ड झाला. आणि याच वाटेवर मूर्तिजापूर लागतं, जिथून शकुंतला रेल्वे धावायची. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन त्या लाइनवर १९९४ पर्यंत चाललं. सत्तर वर्षं! रेकॉर्डची बातमी सगळ्या पेपरांत आली. ते इंजिन ज्यांनी सत्तर वर्षं घासत, ओतत, जोडत चालू ठेवलं, त्या फिटरचं नाव मात्र कुणाला माहीत नाही.

अकोल्याच्या टर्नरदादांनी आधी भोक मोजलं. ते गोल राहिलंच नव्हतं, लांबट झालं होतं. म्हणून नुसता जाड स्लाइड बनवून भागत नाही. आधी भोक हलक्या हाताने गोल करून घ्यायचं, मग त्या मापाचा स्लाइड पितळी रॉडमधून कातायचा. फट ठेवायची दोन थाऊ, म्हणजे इंचाचा पाचशेवा भाग, साधारण ०.०५ मिलिमीटर. जास्त ठेवली तर हवा चोरते. कमी ठेवली तर गरम झाल्यावर स्लाइड वरच अडकतो, आणि भर रस्त्यात फुल एक्सलरेटर अडकणं म्हणजे काय ते तुम्हीच कल्पना करा.

पहिला स्लाइड फेल गेला. माप बरोबर, पण खालच्या कडेचा तिरपा काप थोडा कमी पडला होता. थोडंसं एक्सलरेटर दिल्यावर हवा आणि पेट्रोलचं प्रमाण त्या कापावर ठरतं, त्यामुळे गाडी उचलताना अडखळत होती. दादांनी जुना स्लाइड शेजारी ठेवला आणि कानशीने दोन-दोन हात मारत काप जुळवला. ड्रॉइंग नाही, कॅड नाही. टपकण्याचं कारण होती फ्लोटची घासलेली सुई, ती बदलली. फ्लोट गरम पाण्यात बुडवून पाहिला, बुडबुडे आले नाहीत, म्हणजे भोक नव्हतं. संध्याकाळी येझदी आयडलिंगला अशी उभी राहिली की मी पाच मिनिटं नुसता ऐकत बसलो. :)

याला आपण 'जुगाड' म्हणतो. मीही म्हणायचो. पण जुगाड म्हणजे कसंतरी भागवणं, आणि दोन थाऊ कसंतरी येत नाहीत.

१ एप्रिल २०२० ला बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या मोटरसायकलींवरून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला, सगळीकडे फ्युएल इंजेक्शन. प्रदूषणाच्या दृष्टीने चांगलंच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण आता नवा पोरगा कार्बोरेटर शिकेल कशाला? वरून पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जुन्या गाड्यांचं रबर आणि जस्ताचे मिश्रधातू खराब करू शकतं. म्हणजे दुरुस्तीचं काम वाढणार आणि हात कमी होणार.

म्हणून घरी जुनी गाडी असेल तर दोन गोष्टी करा. महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल काढून ठेवा. आणि नवा कार्बोरेटर बसवलात तरी जुना, घासलेला, भंगारात देऊ नका. टर्नरदादांनी जुना स्लाइड कागदात बांधून परत दिला तेव्हा म्हणाले, "हा ठेवजा जपून. पुढच्या वेळी मी नसलो तर दुसऱ्याले हाच दाखवा लागन."

त्या रात्री मी व्हर्नियर घेऊन बसलो आणि दोन्ही स्लाइडची सगळी मापं वहीत उतरवली. इंजिनिअरिंगची डिग्री घेतल्यानंतर व्हर्नियर हातात धरायची ही पहिलीच वेळ.